दुसरी डिस्क

"आता दुसरी डिस्क उघडा," बाई म्हणाल्या.

दुरुस्तीवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला. "बाई, दुसरीवरही ती पुस्तकं नाहीत."

अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या या वाचनालयात बाई अठरा वर्षं रेकॉर्डिंग सांभाळत होत्या. गेल्या वर्षी चार-चार टीबीच्या दोन डिस्क आल्या, तेव्हा त्यांनी दुरुस्तीवाल्याशी चांगली हुज्जत घातली होती. दोन मिळून आठ टीबी व्हायला हवे होते, कॉम्प्युटर तर चारही धड दाखवत नव्हता. त्याने समजावलं होतं : कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर एक हजार चोवीसने, म्हणून आकडा कमी दिसतो. फॉरमॅट करताना डिस्क स्वतःच्या नोंदींसाठीही थोडी जागा अडवते. आणि दुसरी वेगळी दिसणारच नाही, ती पहिलीची हुबेहूब नक्कल. एक जळाली तरी दुसरी आहे.

बाईंनी या शेवटच्या वाक्याचीच खूणगाठ बांधली. बाकीचं त्यांच्या डोक्यावरून गेलं.

गेल्या महिन्यात जागा संपली आणि नव्याने वाचून देणाऱ्यांची रेकॉर्डिंग अडली. बाईंनी आपल्या दिवंगत नवऱ्याने वाचलेली बहात्तर पुस्तकं डिस्कवरून काढून टाकली. दुसऱ्या कुणाची काढली असती तर घरचं माणूस सांभाळलं म्हणून लोक बोलले असते. शिवाय दुसरीवर आहेतच. कामात चोख, त्यांनी कचरापेटीही लगेच रिकामी केली.

आज सकाळी एका म्हाताऱ्या सभासदाने फोनवर दीपगृहाचं पुस्तक मागितलं. "वाचणारा तोच हवा हं. प्रकरण संपलं की 'पाणी पिऊन येतो' म्हणायचा, तो." ते वाक्य कापायचं म्हणून बाई नवऱ्याच्या किती मागे लागल्या होत्या. "ऐकणाऱ्यालाही तहान लागते गं," एवढंच ते म्हणायचे.

"इकडे पुसलं की तिकडेही त्याच क्षणी पुसलं जातं," दुरुस्तीवाला म्हणाला. "नक्कल असते ती डिस्क बिघडली तर. आपल्या हातून चुकलं तर तिचा उपयोग नाही. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"परत नाही का आणता येणार?"

"महिनाभर त्याच जागेवर नवीन भरलं गेलंय, बाई."

बाईंनी माउस बाजूला सारला. मग त्याने विचारलं, "घरी असेल की त्यांचा आवाज कशात तरी?"

"घरी ते नुसते बोलायचे. ते कोण रेकॉर्ड करतं?"

तो गेल्यावर बाईंनी कपाटातून दीपगृहाचं पुस्तक काढलं. रेकॉर्डिंगच्या खोलीचं दार लावलं, माइक आपल्या उंचीला खाली घेतला आणि पहिलं प्रकरण न अडखळता वाचलं. शेवटी जरा थांबल्या.

"पाणी पिऊन येते," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं. मशीन चालूच होतं.

संध्याकाळी घरी जाण्याआधी त्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं. रडणं तेवढं कापलं, वाक्य राहू दिलं.