खंडेनवमीला धुतलेला स्पंज

टक्… घुर्रर्र. दसऱ्याच्या सकाळी सगळं घर गप्प असताना माशांच्या टाकीतली छोटी मोटार पुन्हा सुरू झाली. तिच्या तोंडावर बसून पाणी गाळणारा मी. मित्रांनो, मी एक जुना स्पंज आहे. काल मला कुणीतरी नव्यासारखं करून टाकलं, तीच माझी रडकथा.

खंडेराव मार्केटजवळच्या एका दुकानात मी पडून होतो. या घरातल्या छोट्या मितालीची आई, स्नेहल, मोटारीसाठी गाळणी शोधत तिथं आली.

"बेन, कापूस लई जाओ ने!" गुजराती दुकानदार कापसाची गुंडाळी पुढं करत म्हणाला. "मळला की फेकून द्यायचा. डोक्याला ताप नाही."

"आणि दर वेळी नवा आणायचा?" असं म्हणत तिनं आम्हा स्पंजांना एकेक करून दाबून पाहिलं. फार बारीक छिद्रांचा लवकर तुंबतो, मोटार रखडते. फार मोठ्या छिद्रांतून घाण तशीच निघून जाते. मी मधला होतो, आणि दाबला तरी पुन्हा फुगलो. "हा पुष्कळ वर्षं साथ देईल," ती म्हणाली. त्या एका वाक्यावर मी जन्म काढला.

टाकीत एक नारिंगी मासा होता. त्याचं नाव मितालीच्या आजोबांनी, मानसिंगरावांनी, सुभेदार ठेवलं होतं. "घरात पूर्वजांची तलवार आहे, सुभेदार तेवढा नव्हता!" असं आबा पाहुण्यांना सांगत.

मी तुंबलो की स्नेहल टाकीतलंच पाणी बादलीत काढी आणि त्यातच मला हलकेच पिळी. नळाखाली कधीच नाही. "याच्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात," ती मितालीला सांगे. "माशाच्या घाणीचं विष ते पचवतात. नळाच्या पाण्यातल्या औषधानं ते मरतात." मी काळा होतो, बुळबुळीत होतो; पण माझ्या छिद्राछिद्रांत एक गाव नांदत होतं.

काल खंडेनवमी. या घराण्यात त्या दिवशी तलवारीपासून अडकित्त्यापर्यंत सगळी हत्यारं-अवजारं घासून पुजतात. स्नेहल कामावर गेली होती. शिलाईचं मशीन झालं, स्कूटर झाली, आणि आबांची नजर टाकीकडे वळली.

"अरे, सुभेदाराचं यंत्र राहिलंच की! आणि हा काय काळा बोळा!"

त्यांनी मला साबण लावून, नळाच्या धारेखाली, अगदी मायेनं घासलं. मला ओरडता आलं नाही. माझा मूळचा निळा रंग उजळला आणि गाव वाहून गेलं. टाकीच्या झाकणाला हळदकुंकू लागलं.

संध्याकाळी स्नेहल टाकीपाशी थबकली. "आबा… हा धुतलात?"

"मग! ओळखू आला नाही ना?" आबा खुशीत हसले. तिनं झाकण उचलून मला हुंगलं.

आज सुभेदार पाण्यावर तोंड काढून धापा टाकतोय. स्नेहलनं पाणी बदललं, माझ्यातला उरलासुरला फेस काढला. दुकान बंद. मग मैत्रिणीला फोन. "मोहना, तुझ्या टाकीतला मळका स्पंज देतेस? धुतलेला नको गं, मळकाच!"

"अगं, मी कापूस वापरते. सणाची सफाई म्हणून कालच फेकला."

शेवटी जवळच्या पादरा गावाहून तिचा भाऊ त्याच्या टाकीतला स्पंज घेऊन निघालाय. ती सारखी खिडकीशी जाते, परत येते. मी पाणी ओढतो, सोडतो. माझ्या रिकाम्या पोटात काहीच उरलेलं नाही, तरी ओढतो.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. कुणाची काळजी घ्याल तेव्हा आधी विचारा, याला कशानं बरं वाटतं? नुसती माया पुरत नाही हो.

सुभेदार एका कुशीवर कलला. तेवढ्यात आबा आपट्याची पानं घेऊन दारात आले. "सोनं घ्या, सुभेदार! पहिला मान तुमचा…" आणि त्यांचा हात तसाच राहिला.

मितालीनं टाकीकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. मग आईचा पदर ओढून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात तिनं विचारलं,

"आई, याला आबांनी मारलं का?"