पायपेटी आणि दोन पट्ट्या

मी एक जुनी पायपेटी आहे. मित्रांनो, मला चार पाय आहेत, पण काम करावं लागतं ते वाजवणाऱ्याच्या पायांना. त्यानं खाली भाता हलवायचा आणि वर बोटांनी सूर काढायचे. मला घडवणारा कारागीर सूर जुळवू लागला की जेवायला उठत नसे. त्याची बायको मला सवत म्हणायची.

पुढे मी या छोट्या सभागृहात आले. दरवर्षी सुट्टीत वस्तीतले हौशी कलाकार इथे मैफल करत. बेकरीवाल्या ताई गात आणि केस कापणारे काका मला वाजवत. "काय गोड पेटी आहे हो!" असं कुणी म्हटलं, की मी लाकडाची असूनही लाजत असे.

मग दिवस फिरले. माझ्या भात्याला दमा जडला. माझ्या डोक्यावर चहाचे कप आणि ओल्या छत्र्या विसावू लागल्या. एका वर्षी मैफलीआधी सभागृहाचे अध्यक्ष म्हणाले, "यंदा फजिती झाली तर हिला उद्याच भंगारात देतो. विजेची पेटी आणू. बटण दाबलं की पट्टी बदलते." पट्टी म्हणजे गाणं कोणत्या सुरावरून गायचं, ती उंची.

"मग गायलाही बटणच बसवा. ताईंना कशाला त्रास?" काका म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता. दुसरं कोणतंही वाद्य त्यांना येत नव्हतं.

त्या धास्तीत मैफलीच्या दिवशी वस्तऱ्यानं त्यांचं बोट कापलं. दवाखान्यातल्या नर्समावशींनी पट्टी बांधली आणि दम भरला, "ही सुटली, तर माझ्याशी गाठ आहे." नजर ठेवायला त्या पहिल्या रांगेत येऊन बसल्या.

ताईंना नेमकी सर्दी झालेली. काकांनी सवयीनं नेहमीची उंच पट्टी धरली. वरच्या सुरावर ताईंचा आवाज अडकला. त्या वाकून कुजबुजल्या, "काका, पट्टी सोडा!"

काकांनी बोटाकडे पाहिलं. "आत्ता?"

"आत्ताच! जीव जातोय माझा!"

"तुमचा कसा? बोट माझं आहे."

माइक चालू होता. सगळं सभागृह ऐकत होतं. काका बिचारे दातांनी गाठ सोडू लागले, तशा मावशी उभ्या राहिल्या. "खबरदार, पट्टी सोडलीत तर!"

"मावशी, तुम्हाला गाण्यातलं काय कळतं?" ताई चिडल्या.

"गाण्यातलं नसेल, जखमेतलं कळतं!"

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. मला तर भंगाराच्या हातगाडीची चाकं ऐकू येऊ लागली. तेवढ्यात काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो, ही पट्टी होय!" असं म्हणून त्यांनी खालचा सूर धरला.

लोक पोट धरधरून हसले. ताईही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि हसता हसता त्यांचा घसा मोकळा झाला. काकांचं पट्टीवालं बोट वर्गाला गप्प करणाऱ्या मास्तरांसारखं हवेत उभं राहिलं. बाकीच्या बोटांनी त्यांनी मला वाजवलं. मीही उरलासुरला श्वास पणाला लावला. ताई अशा गायल्या, की खोकणारे खोकायचं विसरले.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. अध्यक्षांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "ही? ही तर आमची शान आहे!" त्यांनी मला पुसलं, चकचकीत केलं, कोपऱ्यात नेऊन भोवती दोरी बांधली आणि पाटी लावली, 'हात लावू नये'.

काकांनी पाटी वाचली. "अध्यक्ष, मग नुसत्या पायांनी वाजवू?"

"पायही लावायचा नाही," अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले.

मित्रांनो, भंगारातून मी वाचले, पण मानपानात अडकले. नुसत्या पुसण्यानं वाद्य जगत नाही हो. भात्यात हवा खेळली नाही, तर सूर आतल्या आत आखडतात. म्हणून कधी इकडे आलात, तर घटकाभर पाटी वाचता येत नाही असं समजा. दोरीखालून आत या, भाता हलवा आणि मला वाजवा. अध्यक्ष ओरडले, तर आणखी जोरात वाजवा. त्यांचा आवाज बुडवण्याइतका दम माझ्यात अजून आहे.