टपालवाल्याचा डावा खांदा

आमच्या मॅडमची परीक्षा जगावेगळी. प्रोग्रॅमिंगच्या शेवटच्या अभ्यासक्रमात तुम्ही ॲप बनवायचं आणि ज्याच्यासाठी बनवलं त्याला विद्यापीठात आणून पंधरा मिनिटं वापरायला द्यायचं. बनवणाऱ्याने मागच्या खुर्चीत गप्प बसायचं. दर वेळी तोंड उघडलं की दहा गुण गेले.

माझ्या जिभेला हाड नाही, हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या वर्षी ताईला आणलं होतं. "अगं ते नाही, खालचं बटण!" असं चारदा ओरडले आणि नापास झाले. यंदाही तेच झालं असतं तर पदवी आणखी एक वर्ष लांबणार होती.

म्हणून यंदा बाबांना आणलं. बाबा शिंपी. गिऱ्हाइकांची मापं चिठ्ठ्यांवर लिहितात आणि चिठ्ठ्या हरवतात, तेव्हा मी मापांचं ॲप केलं. त्यांना विचारलं मात्र काहीच नाही. शिंप्याच्या मुलीला माप काय ते कळतं, अशी माझी मिजास.

बाबांनी खिशातून टपालवाल्याच्या शर्टाच्या मापांची चिठ्ठी काढली. चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. ते एका बोटाने अक्षरं शोधत होते आणि इकडे माझा जीव खालीवर होत होता. गळा झाला, छाती झाली, बाही झाली. खांद्यापाशी गाडी अडली.

टपालवाल्याने वीस वर्षं डाव्या खांद्यावर पिशवी वाहिली, तो खांदा अर्धा इंच खाली आलाय. बाबांनी तसंच लिहिलं. लाल अक्षरं उमटली: फक्त आकडा टाका. त्यांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा लाल. माझ्या ॲपमध्ये खांद्याला एकच चौकोन होता, आणि त्यात शब्द मावत नव्हते.

बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग मुकाट्याने अठरा लिहून टाकलं आणि सेव्ह केलं.

"काही अडलं का?" मॅडमनी विचारलं.

"छे हो! कुठेच नाही," बाबा म्हणाले. "झकास चालतंय."

मॅडमचं पेन कागदाकडे गेलं. मी पास झाल्यातच जमा होते, फक्त तोंड मिटून बसायचं होतं. पण हातातलं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल म्हणून अर्ध्या इंचासाठी अडून बसणारा माझा बाप, त्याने माझ्यापायी खोटं माप लिहिलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

"बाबा, खोटं नका सांगू! तो शर्ट बसणार नाही."

बाबांनी कपाळावर हात मारला. मॅडमनी शांतपणे त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही बसणार," ते पुटपुटले.

निकाल लागला. अडतीस. पास व्हायला चाळीस लागतात.

त्याच दिवशी मी वही घेऊन बाबांच्या दुकानात गेले. आणखी काय काय सुटलंय ते विचारायला. बाबा टपालवाल्याच्या कापडावर खडूने डावा खांदा आखत होते.

"गप्प बसली असतीस तर सुटली असतीस," ते म्हणाले.

"आणि तुम्ही खरं बोलला असतात तर मी गप्प बसले असते."

त्यांनी खडू खाली ठेवला.

"पुढच्या वर्षी खरं मी सांगतो," ते म्हणाले. "तू फक्त गप्प बस."