शेवळा, निवडुंग आणि काकडाची सावली

मित्रांनो, मी एक जुना शेवळ्याचा कंद आहे. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. करायचंच असेल तर निदान पुढचं ऐकून करा.

दिसायला मी चपट्या बटाट्यासारखा, वर मुळांची दाढी. वर्षातले सात महिने मी जमिनीखाली झोपतो. मे संपता संपता ढग दाटले की माझे जांभळट कोंब वर येतात. उमलायच्या आत खुडले तर त्यांची फक्कड भाजी होते. उमलू दिले तर असा वास सुटतो की माश्यांखेरीज कोणी जवळ फिरकत नाही. पुढे पावसात छत्रीसारखं पान काढतो आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा निजतो. एवढाच माझा कारभार.

एक गोष्ट मात्र आधीच कबूल करतो. माझ्या अंगात खाज आहे. नुसतं शिजवून खाल्लं तर घसा इतका खाजतो की माणूस बोलायचं विसरतो. म्हणून आमच्या डोंगरात माझ्याबरोबर काकडाची आंबट फळं शिजवतात. काकड हे रानातलं मोठं झाड. नेमकी माझी भाजी निघते तेव्हाच त्याची फळं तयार असतात.

माझा जन्म पोशेऱ्याच्या डोंगरातला. पुष्पलताबाईंचं माहेर तिथलंच. त्यांनी आणि त्यांचे यजमान सुदर्शन गुरुजींनी जव्हारला घर बांधलं, तेव्हा पुष्पलताबाईंची आई गोदाबाई मला टोपलीत घालून घेऊन आल्या. अंगणाच्या कोपऱ्यात काकडाचं एक झाड आधीपासूनच होतं. "याच्या पायाशी लाव गं," गोदाबाई लेकीला म्हणाल्या, "दोघं जोडीनं बरी राहतील." नऊ वर्षं आम्ही खरंच बरे राहिलो. दर जूनमध्ये माझी भाजी व्हायची, शेजारी वाटी जायची, आणि रिकामी वाटी परत आणताना शेजारीण तोंड भरून कौतुक करायची. मला ते जमिनीखाली ऐकू यायचं. खोटं कशाला बोलू, मी फुगायचो.

मग दहाव्या वर्षी निवडुंग आला.

वसाहतीत परसबागेची स्पर्धा लागली होती. गुरुजींनी नाशिकच्या नर्सरीतून सात फुटी निवडुंग आणला. टेम्पोत आडवा, दोन गोधड्यांत गुंडाळलेला. त्याला उतरवताना चार माणसांना काटे टोचले, तरी सगळे "वा वा" म्हणत होते. मला नऊ वर्षांत असं कोणी उतरवून घेतलं नव्हतं. तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. शिष्ट मेला, असं मी मनात म्हणालो.

त्या रात्री जेवताना गुरुजींनी वही काढली आणि आमच्या दोघांचं प्रगतिपत्रक वाचून दाखवलं. "शेवळा : सात महिने गैरहजर. उमलल्यास दुर्गंधी. कॅक्टस : बारमाही हजर. पाणी मागत नाही. पाहुण्यांवर छाप."

"त्याला खाता येतं का?" पुष्पलताबाईंनी विचारलं.

"शोभेचं आहे ते."

"मग भाजी बाजारातून आणा."

पण गुरुजी हटले नाहीत. निवडुंगाला ऊन हवं आणि काकडाची सावली आड येत होती, म्हणून त्यांनी झाड तोडायचं ठरवलं. माझ्या काळजाचं पाणी झालं. सावली गेली तर मी सुकणार, आणि माझी खाज मारणारा जन्माचा सोबती तर आधीच जाणार. पुष्पलताबाईंनी कडाकडा भांडून "झाडाला हात लावायचा नाही" असं बजावलं. गुरुजींनी मान डोलावली. बाईंचं पालघरला प्रशिक्षण होतं, नेमक्या त्याच दिवशी सकाळी गुरुजींनी पाड्यावरच्या मुकेशला कुऱ्हाड घेऊन यायला सांगितलं. परीक्षकही त्याच दिवशी यायचे होते.

मुकेश काही वेळेवर आला नाही. ढग आले होते आणि त्याच्या घराचं छप्पर शाकारायचं राहिलं होतं. गुरुजी फाटकाशी येरझाऱ्या घालत स्पर्धेचा कागद पुन्हा वाचायला लागले, आणि मध्येच थबकले. घरच्या बागेतल्या भाजीला वीस गुण होते. निवडुंगाची काय भाजी करणार?

तेवढ्यात त्यांना माझे कोंब दिसले. सगळेच्या सगळे खुडले.

गुरुजी वसतिगृहात वाढलेले. शेवळा त्यांनी जन्मभर ताटात पाहिला, पातेल्यात कधी नाही. भाजीत काहीतरी आंबट घालतात एवढं त्यांना आठवत होतं. त्यांनी दोन टोमॅटो टाकले. मी खालून जीव तोडून ओरडत होतो, पण कंदाचं कोण ऐकतो?

परीक्षक तुळशीदासराव, निवृत्त ग्रामसेवक, दहाला आले. निवडुंगाभोवती दोनदा फिरले, खूश झाले आणि भाजी चाखायला बसले. पहिली वाटी संपवून दुसरी मागितली. सोबत म्हणून गुरुजींनीही खाल्ली. दुसरी वाटी अर्धी झाली आणि तुळशीदासरावांनी गळा धरला. डोळ्यांतून पाणी, तोंडातून फक्त "ख्ख". गुरुजींची तीच गत.

नेमका तेव्हा मुकेश कुऱ्हाड घेऊन आला. मागोमाग त्याची आई माघी, डोक्यावर बाजाराची पाटी.

"काय खाल्ला गुरजी?"

गुरुजींनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"काकडं टाकली का नाय?"

गुरुजींनी मानेनंच नाही म्हटलं. माघीनं वर झाडाकडे पाहिलं, खाली गुरुजींकडे पाहिलं, आणि तिला इतकं हसू आलं की पाटी खाली ठेवावी लागली. "झाड डोक्यावर आन् टोपात टमाटा! मुकेश, ठेव ती कुऱ्हाड. वर चढ."

तोडायला आलेला मुकेश फांद्या हलवायला लागला. खाली परीक्षक आणि गुरुजी पडेल ते फळ उचलून चावत होते. आंबटानं तुळशीदासरावांचं तोंड पार चुरगळलं. पाचव्या फळानंतर आवाज फुटला. "वाचवलं हो या झाडानं!"

"तेच तोडायला बोलावलंय," मुकेश वरून म्हणाला. पोरगा सरळ आहे.

"तोडा की," माघी म्हणाली, "मंग पुढल्या सालाला कोणाकडं धावाल?"

 गुरुजी झाडाकडे बघत खरखरत्या आवाजात म्हणाले, "मुकेश, कुऱ्हाड घरी ने बाबा." मित्रांनो, तेव्हा मी रडलो. माती ओली झाली ती पावसानं, असं सगळे समजतात.

बक्षीस शेजारच्या भोपळ्याला गेलं. संध्याकाळी पुष्पलताबाई परतल्या तर काकड जागच्या जागी, आणि गुरुजींच्या गळ्यात जूनमध्ये मफलर. "काय झालं?" "काही नाही," गुरुजी म्हणाले, आणि आवाजानं सगळं सांगून टाकलं.

निवडुंगाची मात्र मला नंतर कीव आली. आमचा पाऊस धो धो लागला, त्याचं बूड मऊ पडायला लागलं. तो शिष्ट नव्हताच, भेदरलेला होता. एवढं पाणी त्या बिचाऱ्यानं आधी कुठे पाहिलेलं? पुष्पलताबाईंनी त्याच्यावर शेतात पावसात पांघरायचं इरलं घातलं, मग कुंडीत काढून ओट्यावर नेलं. आता तो दिवाळीनंतर गच्चीवर उन्हाला बसतो. तेव्हा मी झोपलेलो असतो. भांडायला वेळच जुळत नाही.

त्या दिवाळीला मी निजायला गेलो, तर गुरुजींनी माझ्या डोक्याशी एक पाटी रोवली. शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलंय, "इथे शेवळा आहे. रजा मंजूर. खणू नये."

मित्रांनो, तुमच्या अंगणातही कोणी असा निजलेला असेल. जागा मोकळी दिसली म्हणून लगेच कुदळ घालू नका. आधी घरात कोणाला तरी विचारा. आणि मला खायचं असेल तर काकडाला विसरू नका, पुढचं मी सांगणार नाही, गुरुजींना विचारा.