चवळीच्या वाफ्याखालची नाव

सरळ बसा, मित्रांनो, आणि मध्ये बोलू नका. वयाने मी तुमच्या आजीहूनही मोठी आहे. मी इरावती नदीवरची सागवानी नाव. माझ्या मालकिणीच्या सासऱ्यांनी, मंडालेच्या खालच्या अंगाला, दोन हिवाळे खपून मला घडवले. मडकी, भात, भिक्षू, नवऱ्या मुली, सारे मी वाहिले. माझ्या डौलाचे काठाकाठाने कौतुक होई, आणि ते योग्यच होते.

महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात माघार घेणारे जपानी सैन्य काठावरची प्रत्येक नाव जप्त करू लागले. लपवणाऱ्याची धडगत नव्हती. माझी मालकीण दॉ पु विधवा होती आणि तिची लेक मा न्यो पैलतीरावर सासरी, गरोदर होती. तिला माहेरी आणायला नाव हवीच. म्हणून दॉ पुने मुलाच्या, को ल्विनच्या मदतीने दगड भरून मला उथळ पाण्यात बुडवले.

तेथेच तिची चूक झाली. पाणी उतरण्याआधी लढाई संपेल, अशी तिची अटकळ होती. नदी नेमाप्रमाणे उतरली. लढाई मात्र संपली नाही. एका सकाळी माझी कड उघडी पडली.

"आई, बगळा बसलाय तिच्यावर!" को ल्विन ओरडला.

"ओरड अजून. फौजेला ऐकू गेलं नसेल," दॉ पु म्हणाली. "गाळ ओढ तिच्यावर. चवळी पेरू."

उतरत्या नदीने सोडलेल्या गाळात पेरणी करण्याची आमच्याकडे रीतच आहे. माझ्यावर वाफा हिरवागार झाला. बारीक मुळे माझ्या फळ्या चाचपून पाहत आणि मी त्यांना विचारी, वर काय चालले आहे?

शेंगा धरू लागल्या, तेव्हा सैनिक आले. एकाने काठी खुपसली. ठक!

"खाली काय आहे, मावशी?" त्यांचा बर्मी दुभाषी म्हणाला.

"पुरात आलेला ओंडका. तुझ्या साहेबाला सांग, शेंगा तोडायच्या तर तोड, वेल तुडवू नको!"

दुभाषी नदीकाठचाच होता. फळीचा आवाज त्याने ओळखला असणारच. तो जपानीत काय म्हणाला, हे मला आजही जाणून घ्यायचे आहे. पावले दूर गेली.

पुढे जपान्यांचा पाठलाग करणारे इंग्रजांचे सैन्य नदी ओलांडू लागले. त्यांच्या नावा घुरघुरत. लाकूड नाही, वल्हे नाही. मग त्या वळतात कशा? मी कान देऊन ऐके. पाचव्या दिवशी तोफांचा गडगडाट पैलतीरावर पोहोचला.

"आई, आठ दिवस थांब," को ल्विन म्हणाला. "शेंगा भरू देत. घरात तांदूळ नाही."

"आठ दिवसांनी शेंगा कुणाला वाढू? न्योला?"

तिने स्वतःच्या हातांनी वेल उपटले. उकरताना को ल्विनची कुदळ माझ्या कुशीत बसली.

"हळू रे! जमीन आहे का ती?"

कुशीतून पाणी शिरत असतानाच आम्ही निघालो. को ल्विन वल्हवत होता, दॉ पु नारळाच्या करवंटीने पाणी उपसत होती. पैलतीरावर दरडीच्या आडोशाला मा न्यो बसली होती. मांडीवर दोन दिवसांची मुलगी.

"आई! आपली नाव तर जपान्यांनी नेली असं ऐकलं होतं!"

"बस आत. मूल माझ्याकडे दे आणि तू पाणी उपस."

तोफा मागे धडधडत होत्या. पाणी मा न्योच्या पोटऱ्यांपर्यंत चढले, पण मी बुडाले नाही.

मित्रांनो, आता नदीवर साऱ्या यंत्राच्या नावा आहेत. मी विहाराच्या छपराखाली पालथी पडून असते. दर हिवाळ्यात एक ऐंशीची बाई काठी टेकत येते, माझ्या फटींत राळ भरते आणि नातवंडांना म्हणते, "हिच्यातून मी पहिल्यांदा घरी आले." नातवंडे हसतात, पळून जातात. तिचे हात थांबले की राळेचे मडके कोण उचलील, एवढेच मला कळायचे राहिले आहे. तुमच्याही घरी अशी एखादी वस्तू असेल. तिच्या फटी आजच पाहून या. उठा.