दोन बटणं

"पप्पा, मी देवाला सांगितलंय. माझं बोट घे आणि पप्पांचं परत दे."

रणजीतच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. उजव्या हाताला बँडेज होतं, म्हणून त्याची बायको वर्षाली त्याला भरवत होती. सात वर्षांची तेजल देव्हाऱ्यासमोर बसली होती. चार दिवस पोरीनं धड खाल्लं नव्हतं. बँडेज बघून घाबरली असेल, असं दोघांना वाटत होतं.

"असं का गं म्हणतेस?"

"रविवारी खंडोबाच्या नैवेद्याची पोळी मी आधीच खाल्ली. थोडीशीच, कडेची. तुम्हीच म्हणता ना, देव सगळं बघतो, शिक्षा करतो. मग सोमवारी तुमचं बोट गेलं."

पोरीला वळण लावायला रणजीतनं देवालाच वॉचमन नेमलं होतं. अभ्यास टाळला, देव बघतोय. खोटं बोललीस, देव जीभ कापेल. चाकणच्या कंपनीत पत्रा कापायच्या प्रेसवर बारा तास उभं राहून आलेल्या बापाला हे सोपं पडायचं.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आत सापडू नये. टार्गेट डोक्यावर असलं की पोरं एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवतात आणि मोकळ्या हातानं पत्रा सरकवतात. सोमवारी त्यानंही तेच केलं होतं. घरी मात्र सांगितलं, "मशीन बिघडलं. देवाची मर्जी."

आता त्याला पोरीकडे बघवेना. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं.

"तेजू, इकडं ये. मशीन चांगलं होतं. मीच बटणाला पट्टी लावली. मी खोटं बोललो, तुझ्याशी आणि मम्मीशीपण."

वर्षालीनं ताट खाली ठेवलं. "मला तरी सांगायचं होतंत," एवढंच ती म्हणाली.

"म्हणजे देवानं नाही केलं?" तेजलनं विचारलं.

"देव पोळीसाठी कुणाचं बोट नेत नाही, बाळा. मीच तुला उगाच भीती घातली. चुकलं माझं."

तेजलनं मान डोलावली. मग तिचा चेहरा एकदम उतरला.

"पण पप्पा, तुम्ही खोटं बोललात ना?"

ती धावत आली, दोन्ही हातांनी तिनं त्याचं तोंड घट्ट झाकलं आणि मान वळवून देव्हाऱ्याकडे बघत राहिली.