काकाकुव्याचं वय

"पाच-सहा वर्षांचा असेल, मुंबईहून आणलाय," असं सांगून गावातल्या म्हाताऱ्या आप्पांनी पिंजरा खुर्शीदच्या ओट्यावर ठेवला आणि पाणीही न पिता ते निघून गेले.

नवरा बोटीवर, मुलगा कतारला. पडलीझडली पाखरं सांभाळण्यात खुर्शीदचा दिवस जायचा, हे भाट्ये गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण पांढराशुभ्र काकाकुवा कुणी असा देऊन टाकतं? आप्पांचा मुलगा गुरुप्रसाद त्याच आठवड्यात मुंबई सोडून कायमचा घरी येणार होता. म्हाताऱ्याला सोबत मिळाली, पाखराची गरज संपली, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

पाखरू दाण्याला तोंड लावेना, म्हणून तिने त्याला रत्नागिरीत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाय पाहिले, चोच पाहिली, डोळ्यात बॅटरी मारली.

"पाच-सहा? कुणी सांगितलं? पूर्ण वाढलेल्या काकाकुव्याचं नेमकं वय कुणालाच सांगता येत नाही. पण हे आखडलेले सांधे बघा, हा मोतीबिंदू. तिशीच्या आतला वाटत नाही. चाळिशीचाही असेल."

"एवढं जगतात?"

"नीट सांभाळला तर माणसाएवढं."

मग आप्पा खोटं का बोलले?

औषधाने पाखरू खायला लागलं आणि एका भर दुपारी बोललं. आधी कडी सरकल्याचा आवाज. मग बाईचा, रडून दमलेला: "दार उघडा हो. गुरू रडतोय."

खुर्शीदच्या हातातलं सूप खाली पडलं. लहानपणी ती आईबरोबर मासे घेऊन आप्पांच्या मागच्या दारी जायची, तेव्हा आप्पांची बायको, गंगाकाकू, याच आवाजात तिला हाक मारायची. मग एक दिवस आप्पांनी गावाला सांगितलं, ती पळून गेली. तान्ह्या गुरूला त्यांनी अलोऱ्याला आत्याकडे पाठवलं. त्या गोष्टीला तीस वर्षं उलटून गेली होती. तेव्हापासून आप्पांनी कुणाला घराच्या आत येऊ दिलं नव्हतं.

संध्याकाळी आप्पा आले. गुरुप्रसाद त्यांना गाडीतून घेऊन आला होता.

"बोलतो का काही?" ओट्यावर चढता चढताच आप्पांनी विचारलं.

"छे."

"डॉक्टरकडे नेलंस म्हणे. वय किती सांगितलं?"

"तुम्ही म्हणालात तेवढंच."

"परत नेतो मी त्याला," म्हणत आप्पांनी पिंजऱ्याला हात घातला. पाखरू अंग चोरून कोपऱ्यात गेलं आणि आप्पांच्याच, पण तरण्या आवाजात म्हणालं, "ओरड. कोण ऐकतंय?" पाठोपाठ तो बाईचा आवाज आला.

गुरुप्रसाद गाडीतून उतरला. "हा आवाज कुणाचा, मावशी?"

"पाखरू ते, काहीही बडबडतं," आप्पा म्हणाले.

खुर्शीदने पिंजरा पोटाशी ओढला. "तुझ्या आईचा, गुरू. डॉक्टर म्हणतात, पाखरू तिशीच्या वरचं आहे. तू पाळण्यात होतास तेव्हा ते त्या घरात होतं."

गुरुप्रसादने बापाकडे पाहिलं. "आत्या म्हणायची, तेव्हा सगळं घर शेणाने सारवलेलं होतं. एकट्या कोठीच्या खोलीत सिमेंटचा कोबा. का घातलात, आप्पा?"

आप्पा पायरीवर बसले. उठवूनही उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी कोबा फोडला. घणाचे घाव खुर्शीदच्या ओट्यावर ऐकू येत होते. ती बघायला गेली नाही.

दिवस कलताना गुरुप्रसाद एकटाच आला. "मावशी, पाखरू तुमच्याकडेच राहू दे," तो म्हणाला. "मी रोज आलो तर चालेल ना?" आणि पिंजऱ्यासमोर बसून तो वाट बघू लागला.